पेप्टाइड अँटिबायोटिकची सिंथेसिस सुधारायची कशी: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या लॅबसाठी

आयसीयूत बाकीची औषधं हरली की पॉलिमिक्सिन बी किंवा कोलिस्टिन काढलं जातं. दोन्ही पेप्टाइडं (अॅमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या), दोन्ही १९४० च्या दशकात सापडलेली. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून मधल्या काळात ती बाजूला पडली आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आली. २०१५ साली चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. हे जनुक प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावर) बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं आणि कोलिस्टिनला निष्प्रभ करतं. जुलै २०१९ मध्ये भारताने कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. त्याच २०१९ सालात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे या रेणूंमध्ये बदल करून कमी विषारी आणि रोधाला पुरून उरणारी नवी रूपं बनवायची गरज खरीखुरी आहे.

महापे, रबाळे, पावणे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात सिंथेसिस करणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील. छोट्या रेणूंची केमिस्ट्री त्यांच्या हातात मुरलेली असते, पेप्टाइड मात्र बहुतेकांनी एमएस्सीच्या पुस्तकातच पाहिलेलं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आणि विद्यापीठांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे. फ्यूम हूड, रोटा (सॉल्व्हंट आटवणारं यंत्र), अॅनालिटिकल एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एवढं हाताशी आहे आणि एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं रेणूवजन मोजणारी चाचणी, पुढे ‘एलसी’ आणि ‘मास’) बाहेरून करून आणता येतं, असं मी धरून चालतो. पवईच्या आयआयटीतल्या सैफ सुविधेत ते होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. नैसर्गिक पॉलिमिक्सिन रासायनिक मार्गाने बनवून किण्वनाशी स्पर्धा करायची नाही. त्यात आपण हरणार, किलोला कितीतरी पटीने. रासायनिक सिंथेसिसचा उपयोग एकच: जिवाणूला जो बदल करता येत नाही तो आपल्याला करता येतो. अमुक जागचं ल्युसिन काढून दुसरं काही बसव, शेपटी आखूड कर, एक धनभार कमी कर. म्हणून ‘सिंथेसिस सुधारली’ असं मी तेव्हाच म्हणेन जेव्हा महिन्याला चाचणीयोग्य शुद्धतेची जास्त रूपं हातात पडतील. एकाच रेणूचा यील्ड ३० वरून ४५ वर नेला आणि पुढच्या रूपाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली, तर ती सुधारणा फक्त अहवालात दिसते.

पहिली पायरी: रिंग कुठे बंद करायची ते आधी ठरवा

बहुतेक पेप्टाइड अँटिबायोटिकं वर्तुळाकार असतात: ग्रॅमिसिडिन एस, पॉलिमिक्सिन, डॅप्टोमायसिन, टेक्सोबॅक्टिन. नवखा माणूस सरळ साखळीच्या कपलिंगची (एकेक अॅमिनो आम्ल जोडण्याची) चिंता करत बसतो. खरा माल गळतो तो रिंग क्लोजरला आणि नंतर शुद्धीकरणात. त्यामुळे नियोजन उलटं करायचं. वर्तुळ कागदावर काढा, कुठला अमाइड बंध शेवटी जोडायचा ते ठरवा आणि मग तिथून साखळी उलगडा.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. ज्या अॅमिनो आम्लाचं कार्बोक्झिल सक्रिय करणार ते एपिमराइझ होतं का, म्हणजे त्याचं डावं-उजवं रूप पालटतं का? ग्लायसिनला तो प्रश्नच नाही, प्रोलिनला कमी आहे, बाकीच्यांना कमी-जास्त धोका आहे. जोडणाऱ्या दोन टोकांवर गर्दी आहे का? व्हॅलिन आणि आयसोल्युसिन टोकाला नकोत. आणि साखळी आपणहून वळते का? डी-अॅमिनो आम्ल (नेहमीच्या रूपाची आरशातली प्रतिमा) किंवा प्रोलिन मध्यात असलं की साखळीला वळण मिळतं आणि दोन्ही टोकं जवळ येतात.

सरावासाठी ग्रॅमिसिडिन एस घ्या. १९४२ मध्ये सोव्हिएत संघात गाउझे आणि ब्राझ्निकोव्हा यांनी शोधलेलं हे दहा अॅमिनो आम्लांचं वर्तुळ आहे. व्हॅलिन, ऑर्निथिन, ल्युसिन, डी-फिनाइलअॅलनिन, प्रोलिन ही पाचांची माळ दोनदा येते. लाल पेशी फोडत असल्यामुळे त्याचा वापर बाहेरून लावण्यापुरताच राहिला, पण शिकायला याच्याइतका समजूतदार रेणू दुसरा नाही. डी-फिनाइलअॅलनिन आणि प्रोलिन मिळून इतकं पक्कं वळण देतात की साखळी जवळजवळ तयार होऊनच येते.

यात बंध दहा असले तरी सममितीमुळे निवडी पाचच. त्यातल्या दोन विचारात घेण्यासारख्या. प्रोलिन रेझिनवर (साखळी ज्यांवर वाढवतात त्या मण्यांवर) ठेवून प्रोलिन-व्हॅलिन बंध शेवटी जोडला तर एपिमरायझेशनची भीती कमी, पण व्हॅलिनचं टोक गर्दीचं. शिवाय दुसऱ्या अॅमिनो आम्लाचा एफमॉक (टोकाचं अमाइन तात्पुरतं झाकणारा संरक्षक गट) काढला की डायकीटोपायपरेझिन (पहिल्या दोघांचं छोटं वर्तुळ) होऊन माल रेझिनवरून सुटू शकतो. ल्युसिन रेझिनवर ठेवून ल्युसिन-डी-फिनाइलअॅलनिन बंध शेवटी जोडला तर टोकं मोकळी आणि क्लोजर झटकन होतं, पण ल्युसिन थोडं एपिमराइझ होऊ शकतं. माझं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण जलद होणारं क्लोजर एपिमरायझेशनला वेळच देत नाही. तरी दोन्ही मार्ग ०.०५ मिलिमोलवर करून क्रूडचे (शुद्ध न केलेल्या मालाचे) क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवून पाहावेत. नव्या रूपाला हा प्रयोग टाळू नका.

दुसरी पायरी: रेझिन, आणि इथली हवा

संरक्षक गट अंगावर ठेवून साखळी उतरवायची असते, म्हणून २-क्लोरोट्रायटिल क्लोराइड, म्हणजे सीटीसी रेझिन. हे ओलाव्याला अत्यंत हळवं आहे. क्लोराइडचं पाण्याशी जुळलं की उरतं ते ट्रायटिल अल्कोहोल आणि त्यावर काही चढत नाही. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत बाटली उघडी ठेवून वजन करत बसलात तर लेबलवरच्या लोडिंगला (ग्रॅममागे किती माल चढतो त्या आकड्याला) अर्थ राहत नाही. रेझिन आणि एफमॉक अॅमिनो आम्लं फ्रिजमधून काढली की डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. थंड बाटलीत पावसाळी हवा शिरली की आतल्या आत पाणी सुटतं. वजनकाटा एसी खोलीत, डीह्युमिडिफायर चालू. बिघडलेलं रेझिन फेकायची गरज नाही. कोरड्या डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन) थायोनिल क्लोराइड घालून ते पुन्हा क्लोराइड करता येतं, मात्र नंतर भरपूर धुवा.

बाजारात हे रेझिन साधारण १ ते १.६ मिलिमोल प्रति ग्रॅम लोडिंगचं मिळतं. एवढं भरू नका. साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि शेवटची कपलिंगं अडतात. ०.३ ते ०.४ पुरे. १ ग्रॅम रेझिनला ०.४ मिलिमोल एफमॉक-ल्युसिन आणि १.६ मिलिमोल डीआयपीईए (एक सेंद्रिय बेस) कोरड्या डीसीएममध्ये, दीड-दोन तास. उरलेल्या जागा डीसीएम, मिथेनॉल, डीआयपीईए १७:२:१ या मिश्रणाने बंद करा. मग थोडं रेझिन वाळवून, अचूक वजन करून, पाइपरिडिनने एफमॉक काढून ३०१ नॅनोमीटरला शोषण मोजा आणि खरं लोडिंग काढा. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

तिसरी पायरी: साखळी

१९६३ मध्ये मेरिफिल्ड यांनी घन आधारावरची पद्धत मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७० मध्ये कारपिनो यांनी एफमॉक आणला. मूळ चाल आजही तीच आहे: एफमॉक काढा, धुवा, पुढचं जोडा, धुवा. बारकावे मात्र यील्ड ठरवतात. दहाच्या साखळीला साधारण वीस क्रिया होतात. प्रत्येक क्रिया ९९ टक्के झाली तर शेवटी ८२ टक्के साखळ्या बरोबर, ९८ ला ६७ आणि ९५ ला अवघ्या ३६. एलसीवर पेप्टाइडच्या शेजारी गवतासारखी छोटी शिखरं उगवतात ती इथून.

एफमॉक काढायला डीएमएफमध्ये (डायमिथिलफॉर्मामाइड, इथला नेहमीचा सॉल्व्हंट) २० टक्के पाइपरिडिन, ३ मिनिटं आणि मग ताज्या द्रावणात १० मिनिटं. पाइपरिडिन मिळवायला कागदपत्रांची कटकट होत असेल तर ४-मिथिलपाइपरिडिन जवळपास तेच काम करतं. कपलिंगला मी डीआयसी आणि ऑक्झिमा ही जोडणी घडवणारी रीएजंटं घेतो, प्रत्येकी ४ इक्विव्हॅलंट (साखळीच्या मोलांच्या चौपट), दोन मिनिटं अगोदर मिसळून, ४५ मिनिटं ते एक तास. स्वस्त आहे आणि एपिमरायझेशन कमी. पण डीएमएफमध्ये या दोघांपासून थोडा हायड्रोजन सायनाइड तयार होतो हे आता सिद्ध झालेलं आहे. म्हणून वापरलेलं द्रावण हूडबाहेर नेऊ नका, कचऱ्याचा कॅन हूडमध्येच ठेवा. हाटू हे दुसरं जोडणी रीएजंट जलद आहे, पण अॅमिनो आम्लापेक्षा किंचित कमी घ्या, ०.९५ च्या प्रमाणात. जास्त झालं तर ते मोकळ्या अमाइनला जाऊन चिकटतं आणि साखळी तिथेच संपते. मासवर ९८ चं अधिक ओझं दिसलं की कारण हेच. शिवाय हाटू, एचबीटीयूसारख्या रीएजंटांनी त्वचेची आणि श्वासाची तीव्र अॅलर्जी होऊ शकते. पूड तोलताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

कपलिंग झालं का हे पाहायला सगळे कायसर टेस्ट करतात: निनहायड्रिन टाका, गरम करा, मणी निळे झाले नाहीत तर पुढे चला. ग्रॅमिसिडिन एसमध्ये इथेच फसगत आहे. प्रोलिनचं अमाइन दुय्यम असल्यामुळे कायसर त्यावर नीट बोलत नाही. प्रोलिनवर डी-फिनाइलअॅलनिन चढवताना अर्धा माल मोकळा राहिला तरी मणी पिवळसरच दिसतील. तिथे क्लोरानिल टेस्ट करा, दुय्यम अमाइन उरलं असेल तर मणी निळे-हिरवे होतात. प्रोलिनवरचं आणि व्हॅलिनवरचं कपलिंग न विचारताच दोनदा करा. दुसऱ्यांदा जाणाऱ्या रीएजंटची किंमत प्रेप एचपीएलसीच्या (शुद्धीकरणाच्या मोठ्या एचपीएलसीच्या) एका दिवसापेक्षा कमीच भरते.

कॅपिंग टाळायची सवय बऱ्याच जणांना असते. वर्तुळाकार पेप्टाइडला ती अंगाशी येते. एखादं ल्युसिन राहून गेलेली नऊची साखळी पुढे सुखाने वाढते, वर्तुळही बंद करते आणि खऱ्या मालाला चिकटूनच एलसीवर येते. अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि डीआयपीईएने दहा मिनिटं कॅपिंग केलं तर अडलेल्या साखळ्यांचं टोक कायमचं बंद होतं. त्या वर्तुळ करूच शकत नाहीत आणि शुद्धीकरणात सहज वेगळ्या पडतात.

डीएमएफवर दोन ओळी. ड्रमला माशासारखा वास आला तर त्यात डायमिथिलअमाइन आहे. ते नको तिथे एफमॉक काढतं आणि एकाच जागी तेच अॅमिनो आम्ल दोनदा बसतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेला ड्रम पेप्टाइडला वापरू नये, काच धुवायला वापरा. अॅमिनो आम्लांच्या सीओएमध्ये (विक्रेत्याच्या विश्लेषण प्रमाणपत्रात) अॅसेटिक अॅसिडचा अंश किती आहे ते पाहा, कारण जोडला जातो तोही. मासवर ४२ अधिक असलेल्या आखूड साखळ्या दिसल्या आणि तुम्ही कॅपिंग केलेलंच नसेल, तर बाटली बदला. डी-अॅमिनो आम्लाची ऑप्टिकल शुद्धताही सीओएवर असली पाहिजे.

मायक्रोवेव्ह सिंथेसायझर असेल तर हात आवरा. सीटीसी रेझिनला जास्त उष्णता सोसत नाही, साखळी अर्ध्यावर सुटून धुण्यात वाहून जाते. ५० अंशांच्या वर मी जात नाही.

चौथी पायरी: उतरवणं आणि रिंग क्लोजर

शेवटचा एफमॉक काढून झाला की डीसीएममध्ये २० ते ३० टक्के एचएफआयपी (हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपेनॉल) घालून साखळी उतरवा, अर्धा-अर्धा तास दोनदा. ऑर्निथिनवरचे बॉक (बाजूचं अमाइन झाकणारे, आम्लाने निघणारे संरक्षक) जागेवरच राहिले पाहिजेत, नाहीतर रिंग क्लोजरला तीही अमाइनं मध्ये तोंड घालतील. १ टक्का टीएफएनेही (ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लानेही) साखळी उतरते, पण उतरताक्षणी पिरिडिनने शमवावं लागतं. विसरलात तर रोटावर आटवता आटवता बॉक जातात. संरक्षित सरळ साखळीचं मासवरचं शिखर १३५९.८ ला दिसेल.

आता वर्तुळ. विरलता का लागते? सकाळच्या कर्जत फास्टमध्ये हात हलवला की तो दुसऱ्याच्याच खांद्याला लागतो, रात्रीच्या रिकाम्या डब्यात मात्र स्वतःच्या खिशापर्यंत सहज पोचतो. दाट द्रावणात एका साखळीचं टोक दुसरीला सापडतं आणि डायमर (दोन साखळ्यांचा जोड) होतो. १ मिलिमोलर ही नेहमीची पातळी, म्हणजे ०.२५ मिलिमोलला २५० मिली सॉल्व्हंट. हे सगळं डीएमएफ घेतलं तर आटवताना नाकी नऊ येतात. म्हणून मुख्यतः डीसीएम घ्या, विरघळण्यापुरतं डीएमएफ. जोडणीला पायबॉप ३ इक्विव्हॅलंट, एचओबीटी ३, डीआयपीईए ६. पायबॉप अमाइनला चिकटत नाही, म्हणून संथ चालणाऱ्या क्लोजरला तो हाटूपेक्षा निर्धास्त.

याहून चांगली युक्ती म्हणजे सिरिंज पंप. रीएजंट थोड्या सॉल्व्हंटमध्ये ढवळत ठेवा आणि पेप्टाइडचं द्रावण चार-पाच तासांत थेंबथेंब सोडा. कोणत्याही क्षणी मोकळी साखळी कमीच असते, त्यामुळे एकूण सॉल्व्हंट निम्म्याहून कमी लागतं. पंप नसेल तर दाब समान ठेवणारं ड्रॉपिंग फनेल चालतं. लक्ष मात्र द्यावं लागतं.

क्लोजर झालं का? पाण्याचा एक रेणू जातो, १८ कमी होतात, १३५९.८ चं १३४१.८ होतं. इथे एक सापळा आहे. दोन साखळ्यांचा वर्तुळाकार डायमर दुप्पट भाराने आला की त्याचं शिखर त्याच १३४१.८ ला पडतं. नुसता आकडा पाहून ‘झालं’ म्हणू नका. आयसोटोपची शिखरं मोठी करून पाहा. त्यांच्यात १ चं अंतर असेल तर मोनोमर, अर्ध्याचं असेल तर डायमर किंवा दोन्ही. बाहेरच्या लॅबला नमुना देताना आयसोटोप पॅटर्नचा विस्तारित भाग मागून घ्या, नाहीतर ते एका ओळीचा आकडा पाठवतात.

मग टीएफए, टीआयएस, पाणी ९५:२.५:२.५ मध्ये दोन तास, बॉक जातात. अवक्षेपणाला सगळीकडे थंड डायइथिल इथर लिहिलेलं असतं. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश आहे. मे महिन्यात तुर्भ्याच्या शेडमध्ये तो बाटलीतच उकळायला बसतो आणि वाफ जमिनीवरून सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. एमटीबीई (मिथिल टर्ट-ब्युटिल इथर) वापरा. ५५ अंशांना उकळतं, पेरॉक्साइडची डोकेदुखीही फार कमी. तेही बर्फात थंड करूनच. ग्रॅमिसिडिन एससारखं तेलकट पेप्टाइड नीट खाली बसत नसेल तर टीएफए आटवून सरळ एचपीएलसीवर जा.

पाचवी पायरी: पॉलिमिक्सिनकडे

ग्रॅमिसिडिन एस दोनदा सारखंच आलं की पॉलिमिक्सिन घ्या. ते सात अॅमिनो आम्लांचं वर्तुळ, बाहेर तिघांची शेपटी, टोकाला मेदाम्ल असं आहे. सहा जागी डायअॅमिनोब्युटिरिक आम्ल, आपण डॅब म्हणू. वर्तुळ जोडलं जातं ते चौथ्या डॅबच्या बाजूच्या अमाइनमधून दहाव्या थ्रिओनिनच्या कार्बोक्झिलला. म्हणून चौथ्या डॅबवर वेगळा संरक्षक लागतो. आयव्हीडीडीई घ्या. बाकी डॅबवर बॉक, थ्रिओनिनवर टर्ट-ब्युटिल.

क्रम चुकला की सगळं फसतं, म्हणून सावकाश लिहितो. थ्रिओनिनपासून पहिल्या डॅबपर्यंत साखळी पूर्ण करा. एफमॉक काढून लगेच मेदाम्ल चढवा. त्यानंतरच डीएमएफमध्ये २ ते ४ टक्के हायड्राझिनने आयव्हीडीडीई काढा, कारण हायड्राझिन एफमॉकलाही उडवतं. धुण्याचं शोषण २९० नॅनोमीटरला शून्यावर येईपर्यंत पुन्हापुन्हा करा. हायड्राझिन विषारी आणि कर्करोगकारक आहे, हूडबाहेर त्याची बाटलीही नको. अॅलॉक संरक्षक आणि पॅलेडियम हा दुसरा मार्ग आहे. छोट्या लॅबला मी तो सुचवत नाही. हवा लागली की उत्प्रेरक काळा पडतो आणि उरलेला धातू पाच अमाइनं असलेल्या पेप्टाइडमधून काढणं जिकिरीचं होतं.

मग एचएफआयपीने उतरवा आणि विरल डीएमएफमध्ये डीपीपीए (डायफिनाइल फॉस्फोरिल अझाइड) ३ इक्विव्हॅलंट व डीआयपीईए ६ घालून रात्रभर ठेवा. डीपीपीए संथ आहे, पण अझाइडमार्गे जात असल्याने थ्रिओनिनचं एपिमरायझेशन कमी होतं. इथे घाई नको.

महिन्याला जास्त रूपं हे सुरुवातीचं म्हणणं आता कामाला येतं. नैसर्गिक पॉलिमिक्सिन बी-१ ची ६-मिथिलऑक्टॅनॉइल शेपटी महाग आणि कायरल आहे. साधं ऑक्टॅनॉइल लावलं तर ते पॉलिमिक्सिन बी-३ होतं, तेही नैसर्गिकच. म्हणजे तुलनेसाठी हक्काचा नमुना स्वस्तात. मेदाम्ल चढवायच्या आधी रेझिनचे चार-पाच वाटे करा आणि प्रत्येकाला वेगळी शेपटी लावा. दहा कपलिंगांचे कष्ट एकदाच, रेणू पाच. बदल सहाव्या-सातव्या जागी, म्हणजे डी-फिनाइलअॅलनिन आणि ल्युसिनच्या जागी करायचा असेल तर दहापासून आठपर्यंतचं रेझिन एकदाच मोठं करून वाळवून ठेवा आणि तिथून फाटे फोडा. कोणती रूपं करायची हे ठरवतानाच कुठला तुकडा कितींना सामाईक आहे ते कागदावर मांडलं, तर खर्च निम्म्यावर येतो.

सहावी पायरी: शुद्धीकरण आणि वजनाचा खोटेपणा

क्रूडची शुद्धता २२० नॅनोमीटरला निम्म्याहून कमी असेल तर प्रेपवर चढवू नका. साखळीकडे परत जा आणि कुठल्या जागी गळती आहे ते शोधा. तीन, सहा आणि नऊ अॅमिनो आम्लांनंतर चिमूटभर रेझिन उतरवून एलसी-एमएस केलं की दोषी पायरी सापडते. प्रेपवर आठवडा घालवून वाईट क्रूडमधून चार मिलिग्रॅम काढण्यात मर्दुमकी नाही.

सी-१८ कॉलम, पाणी आणि अॅसिटोनायट्राइल, दोन्हीत ०.१ टक्के टीएफए. पॉलिमिक्सिन लवकर बाहेर पडतं, ग्रॅमिसिडिन एस कॉलमला धरून बसतं, त्याला अॅसिटोनायट्राइल बरंच चढवावं लागतं.

आता वजन. टीएफएमध्ये शुद्ध केलेलं पेप्टाइड ट्रायफ्लुरोअॅसिटेट मीठ म्हणून येतं. ग्रॅमिसिडिन एसचा रेणुभार ११४१.५, पण दोन टीएफए धरून १३६९.५. समजा ०.२५ मिलिमोलपासून १५० मिलिग्रॅम पांढरी पूड मिळाली. मोकळ्या पेप्टाइडने भागलंत तर यील्ड ५३ टक्के लिहाल, खरा आहे ४४. पॉलिमिक्सिनला पाच धनभार आहेत. पाच टीएफए म्हणजे ५७० चं ओझं, म्हणून १ मिलिग्रॅम पुडीत पेप्टाइड जेमतेम ०.६८ मिलिग्रॅम. वर ओलावा वेगळा. हे न दुरुस्त करता जिवाणूंवर चाचणी केली तर चांगला रेणू उगाच कमजोर ठरतो. त्यात टीएफए स्वतः पेशींवरच्या चाचण्या बिघडवू शकतं. १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लातून दोन-तीनदा लायोफिलाइझ करून क्लोराइड करा, किंवा आयन एक्स्चेंजने अॅसिटेट. पेप्टाइडचं खरं प्रमाण अॅमिनो आम्ल विश्लेषणाने किंवा क्वांटिटेटिव्ह एनएमआरने काढा.

डीएमएफ आणि नाला

हिशेब करून पाहा. १ मिलिमोलला सव्वातीन ग्रॅम रेझिन, प्रत्येक धुण्याला ग्रॅममागे १० मिली, एका चक्रात दहा-बारा धुणी. दहाच्या साखळीला चार लिटरच्या आसपास डीएमएफ जातो आणि हातात येतो ग्रॅमभरही नाही. डीएमएफ प्रजननाला घातक आहे आणि डिसेंबर २०२३ पासून युरोपात त्यावर निर्बंध आहेत. कपलिंगनंतरची धुणी दोनवर आणून एलसी बिघडते का पाहा, बहुधा बिघडत नाही. पाइपरिडिननंतरच्या धुण्यांत मात्र काटकसर नको. एन-ब्युटिलपायरोलिडोन वापरून पाहण्यासारखं आहे. दाट असल्यामुळे गाळायला वेळ लागतो, पण रेझिन चांगलं फुगतं.

अँटिबायोटिक असलेलं कोणतंही धुणं सिंकमध्ये नाही, अगदी फ्लास्क विसळलेलं पाणीसुद्धा. सीईटीपीतले (सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले) जिवाणू ठरावीक सेंद्रिय भारासाठी वाढवलेले असतात. त्यांना थोड्या थोड्या मात्रेत पॉलिमिक्सिन पाजणं म्हणजे रोधक जिवाणूंची पैदास. इथले नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ पासून ते रामसर स्थळ आहे. पेप्टाइडचं मदर लिकर, प्रेपचे टाकाऊ अंश, कालबाह्य नमुने वेगळ्या कॅनमध्ये साठवा, लेबल लावा आणि घातक कचऱ्यासोबत भस्मीकरणासाठी तळोज्याला पाठवा. हॅलोजनयुक्त सॉल्व्हंट त्यात मिसळू नका, दर वेगळा लागतो.

शेवटची पायरी: नमुना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या हाती

एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढण्याची चाचणी) स्वतः करायला जाऊ नका. रोधक जिवाणू हाताळायला बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची लॅब) आणि प्रशिक्षित माणसं लागतात. पण ती कशी होणार ते विचारून घ्या. पॉलिमिक्सिन वर्गासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच हवं, कॅटायन-अॅडजस्टेड म्युलर हिंटन ब्रॉथमध्ये. डिस्क पद्धत चालत नाही, कारण हे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत. प्लेट साधी, प्रक्रिया न केलेली पॉलिस्टायरीनची आणि ब्रॉथमध्ये पॉलिसॉर्बेट नको. सोबत तुमचं बी-३ आणि बाजारातलं कोलिस्टिन सल्फेट द्या. इ. कोलाय एटीसीसी २५९२२ वर कोलिस्टिन ०.२५ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या बाहेर गेलं तर त्या दिवसाचे तुमचेही आकडे धरू नका. त्याच खेपेत लाल पेशी फुटतात का ही चाचणी मागा. जिवाणू मारणारं पेप्टाइड सापडणं सोपं आहे, माणसाच्या पेशी सोडून जिवाणू मारणारं अवघड.

या सगळ्याला एका रूपाचे पाच मिलिग्रॅम पुरतात. पहिल्या फेरीत ग्रॅमच्या मागे लागू नका. कुपीवर लिहा: क्रमांक, बॅच, मीठ कोणतं, पेप्टाइडचं प्रमाण किती टक्के, एलसी शुद्धता, मोजलेलं मास, वजन आणि तारीख. प्रमाण टक्क्यांत लिहिलेलं नसेल तर समोरचा माणूस ते १०० धरतो.